आवाज वाचवणारं ॲप

लॉकडाऊनच्या त्या महिन्यांत घराघरांतून एकच प्रश्न ऐकू यायचा, "आवाज येतोय का?" छावणीतल्या आमच्या गल्लीत सकाळी दहाला दूध आणायला निघालं तरी तीन-चार खिडक्यांतून तो कानावर पडायचा. कुठं गणिताचे सर, कुठं इंग्रजीच्या मॅडम. "येतोय ना? सगळ्यांना येतोय ना?" मला त्या प्रश्नाची चीड यायला लागली होती. माझ्या वर्गात नऊ मुलं होती आणि त्यांच्यापैकी एकालाही आवाज येत नव्हता. फोनमधून नाही आणि फोनबाहेरही नाही.

मी शहरातल्या एका कर्णबधिर मुलांच्या निवासी शाळेत शिकवते. बावीस वर्षं झाली. लागले तेव्हा शाळेच्या पाटीवर औरंगाबाद होतं, आता छत्रपती संभाजीनगर आहे. मुलं तीच, जिल्ह्याच्या कानाकोपऱ्यातून आलेली. मी वाढले त्या घरात देव नव्हते, धम्म होता, आणि शाळा चुकवणं हे एकच पाप होतं. अंगात ताप असला तरी आई म्हणायची, "झोपायचं तर वर्गात जाऊन झोप." अशा घरातल्या बाईला शाळा बंद होणं किती लागलं असेल ते वेगळं सांगत नाही.

पण इतर शाळा बंद होणं आणि आमची शाळा बंद होणं यात फरक होता, आणि तो लोकांना समजावता समजावता माझं डोकं फिरायचं. ऐकणारं मूल शाळेतून घरी बसलं की त्याचा अभ्यास थांबतो. आमचं मूल घरी बसलं की त्याचं बोलणं थांबतं. आमची मुलं खुणांनी बोलतात आणि त्या खुणा त्यांना वर्गात, वसतिगृहात, एकमेकांकडून मिळालेल्या असतात. आईबापांना त्या येत नाहीत. जेव, झोप, चल, नको, अशा चार इशाऱ्यांवर घर चालतं. दिवाळीच्या सुट्टीवरून परत आली की पहिले दोन दिवस मुलं ताटावर बसूनसुद्धा हातच चालवत असतात, घास तोंडात जात नाही, इतकं साचलेलं असतं.

त्या मार्चमध्ये दोन दिवसांत वसतिगृह रिकामं केलं. सोयगाव तालुक्यातल्या एका मेंढपाळाची मुलगी माझ्या वर्गात होती, अकरा वर्षांची, वर्गातली सगळ्यात बडबडी. तिचा बाप मोटारसायकलवर तिला न्यायला आला होता. मागं बसता बसता तिनं मला हातानं विचारलं, "किती दिवस?" मी सांगितलं, "पंधरा." खोटं बोलायचा हेतू नव्हता. तेव्हा सगळ्यांनाच तसं वाटत होतं.

जूनमध्ये आमच्या संस्थेच्या सचिवांनी ठरवलं, की सगळ्या शाळांसाठी एकच ॲप घ्यायचं. संस्थेच्या चार शाळा. तीन साध्या, चौथी आमची. हायस्कूलच्या हॉलमध्ये खुर्च्या लांब लांब मांडून बैठक बोलावली. ॲपवाल्या कंपनीचा एक तरुण लॅपटॉप घेऊन आला होता. तोंडावर मास्क, गळ्यात ओळखपत्र, बोलायला चटपटीत.

"सर, मॅडम, गावाकडं नेटची बोंब असते, हे आम्हाला माहितीये," तो म्हणाला. "म्हणून आपल्या ॲपची खासियत काय, तर नेट कमी झालं की व्हिडिओ आपोआप थांबतो आणि आवाज वाचतो. काहीही झालं तरी आवाज तुटणार नाही. गॅरंटी."

हॉलमधल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. मी हात वर केला.

"आवाज तुटला तरी चालेल. चित्र वाचवायची सोय कुठं आहे?"

त्याला वाटलं मी गंमत करतेय. "चित्र कशाला मॅडम? शिकवायचं तर बोलूनच ना."

"आमची मुलं ऐकत नाहीत."

"हां, मग त्यावर आहे ना इलाज!" तो खूश होऊन म्हणाला. "टीचरला एका बटणात सगळ्यांना म्यूट करता येतं. मुलांचे कॅमेरे तर आपण आधीपासूनच बंद ठेवतो. म्हणजे चाळे नाहीत, डेटापण वाचतो."

हॉल हसला. मास्कमागून हसला, पण हसलाच. मी उभी राहून सांगितलं, की आमची मुलं बहिरी आहेत, हातांनी बोलतात, कॅमेरा बंद म्हणजे त्यांचं तोंड बांधणं आहे. तो तरुण खरंच ओशाळला. "सॉरी मॅडम, ते मला कुणी सांगितलंच नव्हतं," असं म्हणत त्यानं सचिवांकडं पाहिलं.

सचिव म्हणाले, "मॅडम, चार शाळांना चार ॲप घेता येतील का? थोडं जमवून घ्या. तुम्ही तर खुणांनीसुद्धा शिकवता, तुम्हाला काय अवघड आहे?"

मग एक कागद फिरला. 'ॲप पाहिले, समाधानकारक आहे.' खाली सह्या. माझ्यापर्यंत आला तेव्हा त्यावर वीसेक सह्या झालेल्या होत्या. मी पेन हातात धरून बसले, शेजारच्या बाई म्हणाल्या, "करा हो, जेवायची वेळ झाली." मी सही केली. पुढं जे काही झालं त्यात लोकांवर जेवढी आग पाखडली तेवढीच त्या सहीवर पाखडायला हवी होती, पण ते कळायला मला फार वेळ लागला.

पहिला तास सोमवारी सकाळी अकराला होता. नऊपैकी सहा मुलं आली. मुलांचे कॅमेरे चालू करायला मी त्या तरुणाला फोन करून करून लावलं होतं, तेवढं त्यानं केलं. सगळे चेहरे दिसले, आणि मुलांनी एकमेकांना पाहून जे हात उडवायला सुरुवात केली ते पाहून माझे डोळे भरून आले. तीन महिन्यांनी बोलत होती. ते सुख मिनिटभर टिकलं.

मी शिकवायला हात उचलले की माझे हात पडद्यावर धुक्यासारखे व्हायचे. बोटं दिसायचीच नाहीत. मग चित्र गोठायचं. माझा एक हात हवेत, एक छातीवर, तोंड अर्धं उघडं. पलीकडं मुलं वाट बघत बसलेली. आणि त्या गोठलेल्या चित्रामागून माझ्या घरातल्या पंख्याचा आवाज त्यांना अगदी स्वच्छ जात होता.

दुसरी गंमत याहून वाईट. ज्याच्या घरातून आवाज येईल त्याची चौकट ते ॲप मोठी करायचं. कारण त्याच्या हिशेबी आवाज म्हणजे बोलणं. एक मुलगी कधीची हात वर करून काही सांगू बघत होती. तिची चौकट नखाएवढी. मोठं कोण दिसत होतं? दुसऱ्या एका मुलीचे आजोबा खोकत होते ते. त्यांचा खोकला थांबला तर कुणाची तरी शेळी ओरडली, पडद्यावर शेळीचं घर. मग कुणाच्या घरी कुकरची शिट्टी. वर्गातला प्रत्येक गोंगाट दिसला, बोलणारं मूल तेवढं दिसलं नाही. शेवटी त्या मुलीनं हात खाली घेतला. सांगायचं ते राहून गेलं.

तास संपता संपता पडद्यावर पाटी आली, 'हजेरीसाठी माइक चालू करून उपस्थित म्हणा.' मी फोन सोफ्यावर आपटला.

आमच्या शाळेत चित्रकलेचे एक शिक्षक आहेत. ते स्वतः बहिरे. याच शाळेत शिकले, याच शाळेत लागले. आठवडाभर असले तास घेतल्यावर मी त्यांना व्हिडिओ कॉल लावला. तक्रार करायला म्हणूनच लावला. त्यांचं चित्र अगदी नितळ आलं. मी हातांनी तणतणले, ॲप असं, सचिव तसा. त्यांनी सगळं पाहून घेतलं आणि हसले.

"तुम्ही ऐकणारे लोक आता फोनवर एकमेकांची तोंडं बघायला लागलात," ते म्हणाले. "आम्ही बहिरे लोक कित्येक वर्षं बघतोय. माझी बायको माहेरी असते तेव्हा आम्ही रोज असंच भांडतो. आम्हाला माहीत आहे काय चालतं नि काय चालत नाही."

"मग बैठकीत का नाही बोललात?"

"मला कुणी बोलावलं होतं?"

मी मग रागानं म्हणाले, "सचिवांनी तुम्हाला विचारायला पाहिजे होतं."

त्यांनी माझ्याकडं बोट केलं. "तुम्ही विचारलंत?"

नव्हतं विचारलं. एवढ्या वर्षांत शेजारच्या वर्गात शिकवणारा माणूस, ज्याला ही भाषा माझ्यापेक्षा दसपट चांगली येते, त्याला बैठकीला न्यावं हे माझ्याही डोक्यात आलं नव्हतं. मी मुलांची वकील म्हणून हॉलमध्ये उभी राहिले होते आणि ज्याला खरं बोलायचा अधिकार होता तो घरी बसला होता. त्या दिवशी मला माझी जी लाज वाटली ती अजून गेलेली नाही.

त्यांनी मला शिकवलं. खिडकीकडं पाठ करायची नाही, तोंड करायचं. मागं साधी भिंत. अंगात काळा, बिननक्षीचा कुर्ता, म्हणजे हात उठून दिसतात. बांगड्या काढायच्या. फोन तांदळाच्या डब्याला टेकवून आडवा ठेवायचा, कोपरापर्यंतचे हात चौकटीत यायला हवेत. आणि मुख्य म्हणजे सगळ्यांना एका वेळी बोलावायचं नाही. एक गोष्ट, एक मिनिटाचा व्हिडिओ, तोही हलका करून पाठवायचा. ज्याच्या गावात जेव्हा रेंज येईल तेव्हा तो उतरवून घेईल, दहा वेळा बघेल आणि स्वतःचा व्हिडिओ करून उत्तर पाठवेल. थेट बोलायचंच असेल तर एका वेळी एकाच मुलाशी.

एवढं साधं. कुठलं ॲप घ्यायला नको, बैठक नको, गॅरंटी नको. आम्ही दोघांनी वाटून घेतलं. मी भाषा आणि गणित, ते परिसर आणि चित्रं. पहिला व्हिडिओ करायला मला दोन तास लागले, बाराव्या वेळी जमला.

सोयगावच्या मुलीचं उत्तर मात्र येत नव्हतं. बाप मेंढ्या घेऊन रानोमाळ, मुलगी त्याच्याबरोबर. मी रोज फोन लावायचे, रोज 'संपर्क क्षेत्राबाहेर.' एकदा लागला.

"बाई, इथं रेंज नाय," तो म्हणाला. "टेकाडावर चढलं तरच येती. पोरगी लई बिथरल्यावानी करती. मधी एक कोकरू गेलं तवापासून तर जास्तच. फोन बघितला की नुसती हिसकाया बघती."

"भाऊ, तिला टेकडीवर घेऊन जा. मी पाठवलेलं उतरवून घ्या, तिला दाखवा. आणि मग तिच्यासमोर फोन धरा. ती काय करते ते सगळं त्यात घ्या."

"व्हय. पर ती काय करती ते मला कळत नाय."

"तुम्हाला नाही कळलं तरी चालेल, मला कळेल. फक्त तिचे हात दिसू द्या."

तीन दिवसांनी व्हिडिओ आला. कोपऱ्यात बापाचा अंगठा, मागं उन्हानं पांढरं पडलेलं माळरान. मुलगी बारीक झालेली, ओढणी डोक्याला गुंडाळलेली. मी पाठवलेल्या गणिताबद्दल तिनं चकार शब्द काढला नाही. ती सांगत होती ते वेगळंच होतं. मी तो व्हिडिओ तीनदा पाहिला, मग चित्रकलेच्या सरांना पाठवून खात्री करून घेतली, आणि बापाला फोन लावला.

"भाऊ, ते कोकरू गेलं म्हणालात ते कसं गेलं?"

"पोरीला बसवलं व्हतं राखाया. मी पानी बघाया गेलो. आलो तर कोकरू नाय. ही नुसती नाचतीय, हात वर, हात खाली. झोपली आसन कुठं, आन आता सोंग करती, आसं वाटलं मला."

"झोपली नव्हती. लांडगा आला होता. ती सांगते, ओढ्याच्या बाजूनं आला. तिनं दगड मारले, मागं पळत गेली, काट्यात पडली. दुसरी दोन कोकरं तिनं पोटाशी धरून ठेवली. तुम्ही आल्यावर तुम्हाला तेच सांगत होती. लांडगा कसा चालतो ते करून दाखवत होती."

 मला वाटलं रेंज गेली.

"भाऊ?"

"मी मारलं बाई तिला," तो म्हणाला. "काठीनं मारलं."

 मागं मेंढ्यांचा आवाज येत होता. मग म्हणाला, "हे हातानं बोलायचं, ते मला बी शिकवता का? तिच्याशी बोलाया इथं कोनी नाय."

मी त्याच्यासाठी वेगळे व्हिडिओ करायला लागले. पाणी, दुखतं, भूक, घाबरली, उद्या, काल. 'लांडगा' आणि 'कोकरू' आधी. तो टेकडीवर चढून उतरवून घ्यायचा आणि मुलगी त्याचे हात धरून बोटं सरळ करायची, तेही एका व्हिडिओत आलं. 'चुकलं माझं' ही खूण त्यानं मागून घेतली. ती त्यानं तिला कधी केली ते मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

आणि याच दिवसांत मला नोटीस आली.

'कारणे दाखवा.' माझ्या वर्गाचे ॲपवरचे तास पहिल्या आठवड्यानंतर शून्य आहेत, विद्यार्थ्यांची हजेरी शून्य आहे, सबब कामात कसूर केल्याबद्दल आपणावर कारवाई का करू नये. मी चार पानं उत्तर लिहिलं. सोबत व्हिडिओंची यादी जोडली, माझे दीडशेच्या वर आणि मुलांची उत्तरं. वर एक ओळ लिहिली, की हे बघायला अर्धा तास काढावा.

सचिवांनी बोलावलं. या वेळी मी चित्रकलेच्या सरांना बरोबर नेलं. ते हातांनी बोलत होते, मी तोंडानं सांगत होते. सचिव पूर्ण वेळ माझ्याकडं बघत होते. "त्यांना सांगा," म्हणायचे. "त्यांना म्हणावं, आमचाही नाइलाज आहे." माणूस दोन हातांच्या अंतरावर बसलेला, त्याच्याकडं एकदा मान वळवायला काय लागतं? सरांनी खिशातून फोन काढला, सोयगावच्या मुलीचा व्हिडिओ लावला आणि सचिवांच्या समोर धरला. "हा फक्त एक मिनिटाचा आहे, पहा," ते म्हणाले, मी सांगितलं. सचिवांनी बघायला सुरुवात केली. मुलगी लांडग्यापाशी पोहोचायच्या आत त्यांच्या टेबलावरचा फोन वाजला आणि ते तो कानाला लावून खुर्चीतच मागं वळून बोलायला लागले. व्हिडिओ त्यांच्या पाठीसमोर संपला.

फोन ठेवून म्हणाले, "छान आहे. पण मॅडम, मला वर आकडे पाठवावे लागतात. ॲपवर दिसलं तर दिसलं, नाहीतर नाही. तुम्ही तुमचं ते व्हिडिओचं खुशाल करा, पण मुलांना रोज ॲपवर लॉगिन करायला लावा. बाकी मी बघून घेतो."

पायऱ्या उतरताना सरांनी विचारलं, "काय करणार?" मी म्हणाले, "लॉगिन करायला लावते. कागद तर होईल." 

त्याच दिवशी मी पालकांच्या ग्रुपवर लिहिलं, 'रोज अकरा वाजता ॲप उघडून तासभर चालू ठेवावे. हजेरीसाठी आवश्यक आहे.' तेवढंच लिहिलं. तो नुसता कागदाचा खेळ आहे, खरा अभ्यास व्हिडिओत आहे, हे लिहिलं नाही. ग्रुपमध्ये सचिवही होते.

दीड वर्षानं शाळा उघडली. सोयगावची मुलगी आली ती वसतिगृहाच्या दारातच बोलायला लागली. मेंढ्यांचे आजार, पावसाची चाहूल, कुत्र्याला हाक कशी मारायची, या सगळ्याच्या खुणा तिनं आणि बापानं मिळून तयार केल्या होत्या. आम्हालाही येत नव्हत्या. चित्रकलेच्या सरांनी वही काढून त्या उतरवून घेतल्या. ॲपच्या नोंदीत तिची हजेरी सगळ्यात कमी होती.

दोन दिवसांनी माझ्याच वर्गातली करमाडची मुलगी आली. सोयगावच्या मुलीच्याच वयाची. बाप नाही, आई शेंद्र्याला कंपनीत पॅकिंगच्या कामावर. आई हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून एक कागद घेऊन आली होती. संस्थेनं ॲपवर सर्वाधिक हजेरी लावणाऱ्या मुलांना प्रमाणपत्रं पाठवली होती, त्यातलं. शंभर टक्के. तिनं ते माझ्या टेबलावर ठेवलं, हसत. मी मुलीला हातानं विचारलं, "कशी आहेस?"

तिनं माझ्या हातांकडं पाहिलं, मग आईकडं पाहिलं. मी पुन्हा विचारलं, सावकाश. तिनं ओळखीचं काहीतरी आठवावं तसं कपाळ आवळलं. हात मांडीवर होते ते तिथंच राहिले. मी 'शाळा' केलं, 'मैत्रीण' केलं, 'जेवलीस का' केलं. जेवण्याची खूण तिला कळली. मान हलवली. ही मुलगी चौथीत असताना वसतिगृहात भांडणं सोडवायची, दोघींचं ऐकून निवाडा करायची.

"ताई, मी पाठवलेले व्हिडिओ हिनं बघितले ना?" मी आईला विचारलं.

"ते उघडायचेच नाहीत मॅडम. सकाळी तासभर ॲप चालवलं की दिवसाचं नेट संपून जायचं. ग्रुपवर तुम्हीच लिहिलं होतं ना, ॲप आवश्यक आहे म्हणून? एक दिवस चुकवला नाही आम्ही. मी डबल ड्यूटीला असले तरी मोठीला बजावून जायचे, अकरा म्हणजे अकरा. ही बसायची फोनसमोर. शहाण्यासारखी बसायची."

कशासमोर बसायची? माझे तास तर मी घेतच नव्हते. वर्षभर रोज तासभर ती मुलगी एका रिकाम्या पडद्यासमोर बसली होती. तिच्याकडून उत्तराचे व्हिडिओ येत नव्हते हे मला दिसत होतं. पण हजेरी भरलेली दिसत होती, आणि मी मनाशी म्हणाले होते, ही तरी नीट आहे, इकडं बघायला नको. मीसुद्धा सचिवांसारखा आकडाच बघितला होता.

मी तिच्या आईला सगळं सांगितलं. लपवलं नाही. ॲपवर काहीच नव्हतं, हजेरी केवळ नोंदीसाठी होती, शिकवणं त्या व्हिडिओंत होतं. आईच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं. तिला राग यायला वेळ लागला, कारण तिला आधी विश्वासच बसत नव्हता.

"मग तेव्हा का नाही सांगितलं?" ती म्हणाली. "मी अडाणी आहे, मला कळत नाही. तुम्हाला तर कळत होतं ना? एक फोन करायचा. एक! मी नेट दुसऱ्याकडून मागून आणलं असतं. पोर मुकी झाली माझी."

"भ्याले," मी म्हणाले. "नोटीस आली होती."

"नोटीस," ती म्हणाली. एवढंच म्हणाली. मग प्रमाणपत्राकडं बोट केलं. "हे तुमच्याकडंच ठेवा." मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि दुसरी पाळी गाठायची होती म्हणून मागं न बघता निघून गेली.

मी त्या मुलीला सोयगावच्या मुलीशेजारी बसवलं. बोलतं मूलच मुलाला बोलतं करतं, हे चित्रकलेच्या सरांचं म्हणणं. पंधरा दिवस ती नुसती बघत होती. मग एका दुपारी वरण वाढताना तिनं 'आणखी' केलं, आणि वाढणाऱ्या बाईला काही कळायच्या आत सगळं टेबल तिच्याकडं वळलं. खुणा परत आल्या, सगळ्या नाही. वर्ष वाया गेलं, ते परीक्षेत दिसलंच. निवाडे करायला ती परत कधी बसली नाही. आता दहावीला आहे, शांत आहे. लोक म्हणतात गुणी आहे. मला तो शब्द ऐकवत नाही.

ॲपचा करार संपला, कुणी विचारलंही नाही. नोटीस माझ्या सेवापुस्तकात आहे. दोन ओळी दिलगिरीच्या लिहून दिल्या तर काढून टाकू, असं सचिवांनी दोनदा निरोप पाठवून कळवलं. मी लिहिल्या नाहीत, लिहिणारही नाही. माफी मी एकदा मागितली. करमाडला, त्या बाईच्या घरी जाऊन, तिच्या सुट्टीच्या दिवशी. तिनं चहा केला, माझ्यासमोर ठेवला, आणि म्हणाली, "प्या मॅडम. पण माझा राग गेला असं समजू नका." मी म्हटलं, "जाऊ देऊ नका ताई." आणि चहा प्याले.